रंधा न मारलेल्या काठ्या

पूर्वी वेणुवती नगरात दृढनेमी राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील नगररक्षकांच्या शस्त्रशाळेचा रखवालदार होता. त्याचे नाव सुदंत.

त्या नगराची एक रीत होती. रक्षकाने सकाळी आपल्या नावाची काठी न्यायची आणि सायंकाळी परत आणून द्यायची. परत आलेल्या प्रत्येक काठीला सुदंत स्वतःच्या तळहाताने तेल चोळी. तो म्हणे, "डोळ्याला चुकते ते हाताला कळते."

एके दिवशी मुठीखाली त्याच्या अंगठ्याला खाच लागली. पाहतो तो लांडग्याचा दात कोरलेला! पुढच्या पौर्णिमेपर्यंत तसे दात सत्तावीस काठ्यांवर निघाले.

त्याच सुमारास नदीपलीकडून येऊन वसलेल्या चटईवाल्यांपैकी रेवा नावाची बाई त्याच्याकडे आली. तिचे दार कोणी फोडले होते. तिने चौकीवरची घंटा वाजवली, तर रक्षक बसल्या जागी हसत राहिले.

सुदंताने पथकनायक रुद्रकाला काठी दाखवली. रुद्रक लपवाछपवी करणारा नव्हता. "काका, हे नगर आपल्या बापजाद्यांचे. हे उपरे इथे माजलेत. राजाला दिसत नाही, म्हणून त्यांना हुसकायची आम्ही शपथ घेतली आहे; हा दात तिची खूण. उद्या जत्रा. सगळे नगर देवळापाशी असेल आणि आम्ही चटईवाल्यांच्या वस्तीत. तुम्ही आपले तेल लावा. मुठीला तेवढे लावू नका, हात घसरायचा!"

त्याचे सोबती खो खो हसले.

सुदंत ती काठी घेऊन तडक नगरपाल महाकोशाकडे गेला आणि त्याने उद्याचा बेत सांगितला. महाकोशाने काठी उलटसुलट करून पाहिली.

"पोरे चांगली आहेत रे, रक्त तरणे आहे इतकेच. सत्तावीस जण घालवले तर जत्रेची राखण कोण करणार? आणि बाहेर कळले तर दलाची अब्रू जाईल. रंधा मार आणि खुणा काढून टाक. विषय संपला."

"खूण लाकडावरच आहे का, स्वामी?"

"तुला तेल लावायला ठेवले आहे, विचार करायला नाही."

सुदंत परतला. तीस वर्षांत त्याने एकही आज्ञा मोडली नव्हती. त्याने रंधा उचलला आणि पहिल्या काठीवर ठेवला. लाकडाची एक पातळ साल वळून खाली पडली. तिच्याकडे पाहताना त्याच्या मनात आले, उद्या ही काठी गुळगुळीत होईल आणि कोणाच्या पाठीवर कोणाचा घाव बसला हे कोणालाच सांगता येणार नाही. त्यात माझाही हात असेल. त्याने रंधा खाली ठेवला.

सकाळी त्याने बिनखुणेच्या काठ्या ज्यांच्या त्यांना दिल्या. उरलेल्या सत्तावीस शस्त्रशाळेच्या दारावर बाहेरून टांगल्या, नावे आणि दात सर्वांना दिसतील अशा. मग तो उंबऱ्यावर बसला.

जत्रेला निघालेली माणसे थांबू लागली. "अगं बाई, हा तर आपल्याच गल्लीतला पहारेकरी!" कोणी म्हणाले.

रुद्रक धावत आला. "म्हाताऱ्या, उतरव त्या!"

"उतरवतो. हा दात कशासाठी कोरलास ते या सगळ्यांना सांग आणि घेऊन जा."

रुद्रकाने त्याची मान धरली. सुदंत हलला नाही. "मारून पाहा. पण मी तेल लावलेली काठी गरिबाच्या पाठीवर पडणार नाही. आज नाही, उद्या नाही."

तेवढ्यात गर्दीतून रेवा पुढे आली आणि शस्त्रशाळेच्या दाराची घंटा जीव खाऊन वाजवू लागली. बिनखुणेचे रक्षक एकमेकांकडे पाहू लागले. त्यांना सगळे ठाऊक होते आणि ते इतके दिवस गप्प होते. आज मात्र एकेक जण येऊन उंबऱ्यापाशी उभा राहिला. रुद्रकाची पकड सुटली.

गलबला ऐकून राजाची पालखी थांबली. सुदंताने त्याला दाताचा अर्थ आणि रुद्रकाचा बेत सांगितला. महाकोश घाईघाईने म्हणाला, "पोरखेळ आहे, महाराज."

राजाने एका काठीवर अंगठा फिरवून महाकोशाला विचारले, "हे तुला कधीपासून ठाऊक आहे?"

"कालपासून."

"कालचा दिवस पुरेसा होता," राजा म्हणाला. "या सत्तावीस जणांची आणि तुझी पागोटी आत्ता उतरतील. चौकशी भर चौकात होईल."

"पण जत्रेची राखण, महाराज?"

"सत्तावीस माणसे कमी असली तर चालेल. लांडगे राखणीला नकोत."

राजाने सुदंताला काय हवे ते मागायला सांगितले. तो म्हणाला, "या काठ्यांना रंधा मारू देऊ नका. इथेच राहू द्या." त्या तिथेच राहिल्या. पुढे प्रत्येक नव्या रक्षकाला पहिल्या दिवशी त्या खाचांवरून अंगठा फिरवावा लागे, आणि मगच त्याची काठी मिळे.

ही पूर्वकथा सांगून भगवान भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा रुद्रक म्हणजे देवदत्त, महाकोश म्हणजे त्याचा पाठीराखा कोकालिक. घंटा वाजवणारी रेवा ही भिक्षुणी उत्पलवर्णा आणि राजा हा आनंद. उंबऱ्यावर बसलेला रखवालदार मीच होतो. भिक्षूंनो, खरे काय ते हाताला कळल्यावर उंबरा न सोडणे, यालाच अधिष्ठान, म्हणजे अढळ निश्चय, म्हणतात."