पुसलेला मोर

फार फार पूर्वीची गोष्ट. कुठल्या राजाच्या राज्यातली, ते आता कुणालाच आठवत नाही, आणि राजाचं या गोष्टीत काही कामही नाही. काम आहे ते विणकरांच्या एका गावाचं.

त्या गावात एक रीत होती. जत्रेच्या दिवशी थोरली आई, म्हणजे गावातली सगळ्यांत म्हातारी विणकरीण, देवळापुढच्या सारवलेल्या अंगणात रांगोळीने चित्रं आखून द्यायची. कुणाला मासा, कुणाला आंबा, कुणाला मोर. लहान पोरांनी चिमटीत रंग धरून तो रेषेच्या आत भरायचा. मोठ्यांनी हात लावायचा नाही. अंगणभर तांबडं-पिवळं सांडलं तरी कुणी रागावत नसे, कारण हा खटाटोप चित्रासाठी नव्हताच मुळी. चिमटीतून हवा तेवढाच रंग सोडायचा आणि रेषेशी आलं की थांबायचं, हे ज्या बोटांना जमलं ती पुढे रेशमाचा धागाही सांभाळतात, हे गावाला ठाऊक होतं. पोर मोठं झालं की त्याने गावासमोर तुटलेला धागा सांधायचा. सांधला की त्याला स्वतःचा माग मिळे.

रखमाजीलाही हे ठाऊक होतं. तो गावातला नावाजलेला विणकर. त्याची एकुलती एक लेक येसू. तिला उठता-बसता एकच ध्यास, आपला माग कधी मिळतो.

पहिल्या वर्षी येसूला मोर आला. तिने तो जीव लावून रंगवला, आणि मोराची जी काही दशा झाली ती विचारू नका. मान कुठे, पिसारा कुठे, निळा रंग शेजारच्या माशाच्या शेपटीपर्यंत पोचलेला. येसू मात्र हरखून गेली होती.

रखमाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढ्या मोठ्या विणकराची पोर आणि हे असलं ध्यान. लोक काय म्हणतील? खरं तर लोक काहीच म्हणणार नव्हते, त्यांच्या पोरांनीही तेच दिवे लावले होते. पण माणसाला लाज वाटायला लागली की तो लोकांना विचारायला जात नाही. सगळे प्रसादाच्या पंगतीत गुंतले होते, तेवढ्यात तो हळूच अंगणात गेला. सांडलेला रंग पुसला आणि आपल्या हाताने मोर सजवून ठेवला.

पंगत उठल्यावर गाव चित्रं बघायला आलं. "बापाचा हात घेतलाय हो पोरीनं," बायका म्हणाल्या. रखमाजी सुखावला. येसू त्या मोराकडे बघत उभी राहिली.

पुढच्या वर्षी तेच झालं, आणि त्याच्या पुढच्याही. इतर पोरांचे मासे हळूहळू माशांसारखे दिसू लागले. येसू कशीबशी दोन-चार चिमटी रंग टाकायची आणि उठायची. जत्रा सरली की कौतुक होई ते तिचंच.

मग तिचा धागा सांधायचा दिवस आला. थोरल्या आईने मागावरचा धागा तोडला आणि म्हणाली, "हं, सांध बाळ."

येसूने टोकं धरली. एक निसटलं. ते उचलेपर्यंत दुसरं निसटलं. तिने घट्ट ओढलं तर शेजारचा धागाही तुटला. येसूचे कान लाल झाले. तिने मान वर करून बापाकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबा, तुम्हीच करा. माझे हात वाईट आहेत."

"असं कोण म्हणालं तुला?" थोरल्या आईने विचारलं.

"कुणी नाही. पण मी काही केलं की बाबांना ते पुसावं लागतं."

सगळ्या माना रखमाजीकडे वळल्या. त्याला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. लोकांपुढे शोभा झाली याची ती लाज नव्हती. आपण रंग पुसत होतो तेव्हा ही पोर बघत होती, आणि तिने काय समजून घेतलं, याची ती लाज होती.

"हात वाईट नव्हते गं," तो कसाबसा म्हणाला. "मलाच लाज वाटली. चूक माझी आहे."

येसूला त्या वर्षी माग मिळाला नाही. पुढच्या जत्रेत ती एवढी मोठी पोर चिल्ल्यापिल्ल्यांत रंग भरायला बसली, आणि तिच्या शेजारी, साऱ्या गावादेखत, रखमाजी बसला. हात त्याने काखेत दाबून धरले होते. रंग सांडला, पसरला, रेषेबाहेर गेला. लोक बघत होते. त्याने बघू दिलं.

पुढे बोटं वळणावर आली आणि उशिरा का होईना, येसूला माग मिळाला. ती चांगलं विणू लागली. पण काही विणून झालं की ती आधी कापडाकडे न बघता बापाच्या तोंडाकडे बघायची, आता हे पुसणार की काय म्हणून. ती नजर जायला फार वर्षं लागली, आणि दर वेळी रखमाजीची मान खाली जाई.

तात्पर्य: लेकराचं वाकडं काम आपल्या हाताने सरळ केलं, तर काम तेवढं सरळ होतं, लेकराचा हात मात्र वाकडाच राहतो.