धोंडू राजपुत्राचा नाव बदलण्याचा अर्ज

विषय : थोरले राजपुत्र धोंडू यांना नवे नाव मिळणेबाबत.
संदर्भ : धाकट्या राजपुत्राचे नाव.

एका राज्यात एक राजा होता आणि त्याला आपल्या नावाचा फार अभिमान होता. भालदार ते नाव बिरुदांसह पुरते उच्चारीपर्यंत दरबारातल्या वृद्धांची एक डुलकी होत असे. त्या दरबारात एकदा केराई नावाची जादूगारीण आली. तिचे नाव ऐकून राजा हसला. राजा हसला म्हणून दरबार हसला. केराई म्हणाली, "तुझ्या घरातले भारदस्त नावाचे मूल माझा काळा राघू हाक मारून नेईल. चांगले नाव हाती असताना तुझ्या रक्ताचा कोणी हलके नाव आपल्या तोंडाने घेईल, तेव्हाच हा शाप संपेल."

पहिल्या दोन राजपुत्रांना राघूने बारशाच्या दिवशीच हाक मारली, आणि ते गेले. तिसऱ्या बारशाला राजाची बहीण येसाई, म्हणजे मुलाची आत्या, पाळण्यावर वाकली. ठरलेले नाव तिने गिळले आणि मुलाच्या कानात म्हटले, "धोंडू." राघू आला. या घरात मूल नाही, धोंडा आहे, अशी त्याची खात्री पटली आणि तो पुन्हा तिकडे फिरकला नाही. त्यामुळे चौथ्याचे नाव निर्धास्तपणे रणधवल ठेवता आले.

ही हकिकत साऱ्या राजवाड्याला ठाऊक होती. धोंडूला तेवढी नव्हती. दुसऱ्या कोणी सांगितली असेल, असे प्रत्येकाला वाटे.

दोघे भाऊ मोठे झाले. धोंडूने वाघ मारला. पोवाड्यात तो रणधवलाने मारला, कारण ओळीत ते नाव बसत होते. शेजारच्या राजकन्येला धोंडूचे चित्र आवडले. खालचे नाव वाचून ती खोकल्याचे निमित्त करून आत गेली. धाकटा दुष्ट असता तर सोय झाली असती. पण तो भर दरबारात मोठ्या प्रेमाने "धोंडूदादा" अशी हाक मारी, आणि धोंडूच्या पोटात निखारा पडे.

शेवटी धोंडू अरण्यात केराईकडे गेला.

"मला माझ्या भावाचे नाव हवे."

"देते. तीन कामे कर," केराई म्हणाली.

पहिले काम, रणधवलाचे नाव घुमलेल्या विहिरीचे पाणी आणणे. धोंडूने विहिरीत वाकून ते नाव पुकारले. ते तोंडात इतके गोड लागले की त्याने गरज नसताना पुन्हा पुकारले. दुसरे काम, रणधवलाची बिरुदे म्हणणाऱ्या मैनेचे पीस आणणे. मैना म्हणाली, "खुशाल घ्या. तुमची बिरुदे मला कोणी शिकवलीच नाहीत, त्यात माझा दोष नाही." तिसरे काम, ज्या तोंडाने ते नाव ठेवले त्याच तोंडाने ते आपल्या कानात म्हणवून घेणे.

मिशा फुटलेला धोंडू आत्याच्या मांडीवर डोके ठेवून म्हणाला, "आत्या, धाकट्याचे नाव एकदा माझ्या कानात सांग. कसे वाटते ते पाहू दे."

येसाईच्या मनात कैक वर्षांची रुखरुख होती. तिने डोळे पुसले आणि सांगितले.

त्या क्षणी तिकडे राणी धाकट्याला जेवायला हाक मारायला गेली, तर तिच्या तोंडातून त्याचे नावच निघेना. लोक धाकट्याच्या अंगावरून नजर नेऊ लागले, जणू तिथे कोणी नाहीच. दरबारात भालदाराने थोरल्याला "रणधवल" म्हणून पुकारले. थोरला सुखावला. ते सुख पान चघळून होईपर्यंत टिकले. धोंड्याला भारदस्त नाव मिळाल्याचा सुगावा लागून छत्रावर काळा राघू येऊन बसला होता.

"रणधवल," राघू म्हणाला.

येसाई धावत आली आणि तिने एका दमात सारे सांगितले, शापाच्या शेवटच्या अटीसह. दारात केराई उभी होती. ती म्हणाली, "नाव भावाच्या अंगावर टाक. राघू त्याला नेईल. तू वाचशील."

तोच धाकटा पुढे झाला. "दादा, दे ते. माझेच आहे. मी जातो."

थोरल्याने त्याच्याकडे पाहिले. नाव याचे, पोवाडे याचे, आणि आता मरणाचा मोठेपणाही यानेच घ्यायचा! हे त्याला मुळीच सहन झाले नाही.

"मागे हो," तो म्हणाला. मग राघूकडे वळून, सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाला, "माझे नाव धोंडू."

राघूने चोच उघडली. हाक मारण्याजोगे काही सापडेना. तो राख होऊन छत्रावरून ओघळला. राजा सिंहासनावरून उतरला आणि "केराईबाई, चुकलो," असे म्हणाला. केराईने मान डोलावली आणि ती आपल्या वाटेने गेली. राणीच्या तोंडात धाकट्याचे नाव परत आले आणि थंड झालेले जेवण पुन्हा गरम करण्यात आले.

पुढे या प्रसंगाचा पोवाडा झाला. त्यात राघूला रणधवलाने जिंकले, कारण ओळीत ते नाव बसत होते. धोंडूचा जळफळाट पूर्ववत सुरू झाला. आता भय उरले नाही, सबब चांगले नाव मिळावे, असा अर्ज त्याने केला. राजाने तो मंजुरीच्या शिफारशीसह येसाईकडे पाठवला. कोणते नाव हवे, एवढेच आत्याने विचारले आहे. धोंडू रोज तिच्याकडे जातो, पान खातो आणि विषय न काढता परत येतो.

अर्ज अद्याप प्रलंबित आहे.