मेणाचं फडकं

फार वर्षांपूर्वीची, अख्ख्या गावात एकच मोटार होती तेव्हाची ही गोष्ट. ती मोटार म्हाताऱ्या आगाशे डॉक्टरांची. दर रविवारी ते तिला अंगणात स्वतःच्या हातांनी धूत आणि मलमलीच्या फडक्यानं मेण लावून चकाकवत. त्या फडक्याला आपल्या मऊपणाचा भारी तोरा होता.

एका रविवारी ते दोरीवरून वाळूत पडलं. डॉक्टरांना दिसायचं कमी. त्यांनी ते तसंच उचललं.

"अरे, तुझ्या अंगाला वाळू लागलीय. निसट आणि माझ्यात एक बुडी मार," बादली म्हणाली.

"ओल्या फडक्यानं कुणी मेण लावतं का? आजचा माझा मान जाईल," फडकं म्हणालं आणि डॉक्टरांच्या हातातच राहिलं.

पहिला हात फिरताच मोटार कळवळली, "आज असं बोचतंय काय रे?"

"काही नाही, चमक येतेय," फडकं म्हणालं.

काम संपल्यावर डॉक्टरांनी दारावरून बोटं फिरवली. दारभर ओरखडे होते.

"माझाच हात जड झाला आता," ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी मोटारीला हात लावणं कायमचं सोडलं.

"तुमचा नाही हो, दोष माझा!" फडकं ओरडत राहिलं. पण फडक्याचं बोलणं माणसांना कुठलं ऐकू यायला!