जनीची तहान

फार वर्षांपूर्वी, डोंगराच्या पायथ्याला भट्टीची वाडी होती. तिथं घरोघर चुना भाजायचे. अंगावर भाजल्याचा डाग नाही असा माणूस वाडीत औषधालाही सापडत नसे.

त्या वाडीत ठकूबाई नावाची विधवा राहायची. नवरा आणि थोरला मुलगा भट्टीनंच नेले होते. उरली होती एकुलती लेक, जनी. मुलगा भाजून तळमळत होता तेव्हा ठकूबाईच्या हाती लावायला काही नव्हतं, आणि ते तिच्या मनातून कधी गेलं नाही. पुढे एका वैदूनं तिला मुठीत मावेल एवढी कोरफड दिली. दूरच्या मुलखात बांधावर वाढते त्या दांडग्या कोरफडीची जणू धाकटी बहीण, साधी हिरवी. ठकूबाईनं ती फुटक्या मडक्यात, वाळू आणि विटांच्या चुऱ्यात लावली. बुडाशी पिल्लं फुटली की ती अलगद सोडवायची, त्यांची जखम सावलीत सुकू द्यायची आणि मगच रोवायची. त्या पानांच्या गरानं एका रात्रीत फोड बसायचे, असं म्हणतात.

हळूहळू प्रत्येक दारात ठकूबाईचं पिल्लू आलं. कोंडाजी म्हाताऱ्याच्या सुनेनंही, चिमानं, एक आणलं. पण कोंडाजीला ठकूबाई चेटकीण वाटे. नवरा-पोरगं खाल्लेली बाई, म्हणे! त्यानं ते पिल्लू मातीला लागूच दिलं नाही. तिची नजर लागू नये म्हणून दोरीनं चौकटीला उलटं टांगलं.

बाकीच्यांची भक्ती मात्र उतू गेली. ते कोरफडीला 'आई' म्हणू लागले आणि आंघोळ झाली की तुळशीसारखं रोज तांब्याभर पाणी घालू लागले. ठकूबाईच्या उंबऱ्याशी असलेल्या मूळ झाडालाही जाता-येता जो तो ओंजळ वाहायचा. ती घरोघर फिरून ओरडायची, "आवं, चुना इझवताना पाणी कसं बेतानं शिंपडता? तसंच हिला. माती वाळू द्या, मंग घाला!"

"आईला तहानेली ठिवायची व्हय?" बायका हसायच्या आणि तिच्याच पाया पडायच्या. पाया पडलं की ऐकायची गरज राहत नाही, अशी वाडीची समजूत असावी. पावसाळा सरेपर्यंत मडक्यांतल्या साऱ्या कोरफडी मुळापासून कुजल्या.

फाल्गुनात चुना विझवायच्या खड्ड्याचा काठ ढासळला. काठावर घागरी घेऊन उभ्या असलेल्या जनी आणि चिमा खाली गेल्या. घागरींचं पाणी एकदम चुन्यावर पडलं आणि खड्डा उकळला. बाहेर काढल्या तेव्हा दोघी ओळखू येत नव्हत्या.

ठकूबाई पान शोधत दारोदार धावली. प्रत्येक मडक्यात नुसता चिखल. हिरवं उरलं होतं ते एकाच दारी, उलटं टांगलेलं, कोरडं. पानं एकीपुरतीच होती. कोंडाजी तिला आडवा आला नाही. हात जोडून एवढंच म्हणाला, "ठकूबाई, चिमाचं प्वार अंगावर पितं हाय."

ठकूबाईला त्या क्षणी त्याचा गळा आवळावासा वाटला. तिला आपली लेक हवी होती. तरी तिनं दोरी कापली, एकेक पान चिरलं आणि चिमाच्या अंगाला लावलं. मग ती जनीपाशी जाऊन बसली. जनी पाणी मागत राहिली आणि आई बोटानं थेंब थेंब तिच्या ओठांवर सोडत राहिली. दिवस मावळायच्या आत जनी गेली.

चिमा वाचली. पानं काढून उरलेला बुडखा ठकूबाईनं चुन्यानं माखलेल्या हातांनी, जनीला जिथं माती दिली तिथं रोवला. झाड कुजेल म्हणून तिनं डोळ्यांतलं पाणीसुद्धा गिळलं, असं म्हणतात. पुढे नवी पानं फुटली ती पांढऱ्या ठिपक्यांची. ते ठिपके कितीही पुसले तरी जात नाहीत.

भट्ट्या कधीच थंडावल्या. पण वाडीत आजही दारोदारी ठिपक्यांची कोरफड आहे, आणि एक पिल्लू चौकटीला उलटं टांगलेलं असतं. पहिलं पान कुणी स्वतःच्या घरात वापरत नाही, ते शेजारी जातं. पाणी घालण्याआधी घरची बाई मातीत बोट खुपसते आणि विचारते, "जने, तहान लागली का गं?" बोट कोरडं निघालं, तरच ती थेंब थेंब पाणी सोडते.