ड्यूकची दारं आणि उर्सो नाखव्याची अकरा पोती

खूप जुन्या काळी, जहाजं शिडांवर चालत आणि राजे एकमेकांवर रुसून बसत तेव्हा, इटलीच्या दक्षिण किनाऱ्यावर एक चिमुकलं संस्थान होतं. पाठीशी उभा डोंगर, समोर समुद्र आणि मधे एक गाव जेमतेम मावेल एवढी जागा. तिथल्या राजाला ड्यूक म्हणत. गावात लिंबं भरपूर, मासे भरपूर, पण गहू पिकवायला सपाट जमीनच नव्हती. त्यामुळे पावाचा प्रत्येक तुकडा बाहेरून यायचा.

ड्यूक मोठा धोरणी माणूस. पूर्वेच्या बादशहाला तो 'आम्ही तुमचेच' म्हणून पत्रं लिही. डोंगरापलीकडच्या राजाला सणासुदीला नजराणे पाठवी. दक्षिणेच्या बेटावरचे अरब व्यापारी आले की त्यांना बंदरात मानानं उतरवून घेई. या तिघांचं आपसांत अजिबात पटत नसे, पण ड्यूकचं तिघांशीही छान जमे, आणि गावाचा व्यापार त्यावरच चाले.

एका वर्षी मात्र डोंगरापलीकडचा राजा बिथरला. त्यानं घाट बंद केला आणि दूत पाठवून निरोप दिला, "त्या बेटावरच्या लोकांना हाकलून द्या आणि तुमचं बंदर माझ्या ताब्यात द्या. पौर्णिमेपर्यंत वाट बघतो. तोवर गव्हाचा एक दाणाही खाली उतरणार नाही."

दूत तिथेच मुक्काम ठोकून बसला. रोज सकाळी तो बाजारातून फेरफटका मारी आणि रिकाम्या कणग्यांमध्ये डोकावून हसे. लोकांनी आधी डोंगरातल्या झाडांची चेस्टनट नावाची फळं दळून खाल्ली, मग त्यातला कोंडाही खाल्ला.

त्या गावात उर्सो नावाचा एक नाखवा होता, म्हणजे जहाजाचा मुख्य. चाळिशीचा, अंगानं दणकट, समुद्राला न भिणारा. मोठ्या माणसांसमोर मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटे. ड्यूकनं त्याला बोलावलं आणि सांगितलं, "बेटावर जा. मिळेल तेवढा गहू भरून आण. पौर्णिमेच्या आत ये."

उर्सो निघाला, बेटावर पोचला. तिथल्या व्यापाऱ्यांनी जुन्या ओळखीला जागून त्याला जहाजभर गहू दिला. पोती रचता रचता जहाजाच्या अंगावरचा गेरूचा पट्टा पाण्याला टेकला, तेव्हा उर्सोनं हात वर करून हमालांना थांबवलं.

हा पट्टा म्हणजे त्या गावाची जुनी रीत. प्रत्येक नव्या जहाजावर बंदराचा पंच स्वतःच्या हातानं तो लाल पट्टा ओढी. पट्टा पाण्याला टेकला की भरणं बंद. मग धक्क्यावर उरलेला माल कुणाचाही असो. या एका पट्ट्यामुळे त्या गावाची जहाजं इतरांपेक्षा कमी बुडत, आणि गावाला त्याचा फार अभिमान होता.

उर्सो दोर सोडणार इतक्यात ड्यूकचा कारभारी धापा टाकत धक्क्यावर आला. गावातल्या देवळासाठी ड्यूकनं बादशहाच्या राजधानीतून पितळेची दोन प्रचंड दारं घडवून घेतली होती. ती घेऊन येणारं जहाज याच बेटाच्या वाळूवर चढून फुटलं होतं आणि कारभारी दारांसकट पंधरा दिवस इथे अडकून पडला होता.

"ही दारं चढव," कारभारी म्हणाला. "देवळाची जत्रा तोंडावर आली आहे."

"साहेब, पट्टा टेकलाय पाण्याला," उर्सो म्हणाला. "पुढच्या खेपेला नेतो."

"पट्टा तुझ्यामाझ्यासारख्यांच्या मालासाठी असतो. ड्यूकच्या दारांना वजन नसतं, समजलं? की महाराजांना सांगू, तू नाही म्हणालास म्हणून?"

उर्सोला नाही म्हणायचं होतं, शब्द ओठांपर्यंत आलाही होता. पण त्यानं तो गिळला आणि हमालांना खूण केली. दारं वर चढली, डोलकाठीशी करकचून बांधली गेली, आणि लाल पट्टा पाण्याखाली दिसेनासा झाला.

दोन दिवस समुद्र निजलेल्या म्हशीसारखा शांत होता. तिसऱ्या दिवशी भरदुपारी वारा फिरला. लाटा थेट कठड्यावरून आत येऊ लागल्या. वर बांधलेल्या दारांच्या भारानं जहाज एका अंगाला कललं की उठायला नाखूश असे.

अशा वेळचीही त्या गावाची एक रीत होती. माल समुद्रात टाकायची पाळी आली, तर नाखव्यानं जहाजावरच्या सगळ्यांना डोलकाठीशी गोळा करायचं, काय टाकायचं ते सर्वांदेखत सांगायचं, आणि वरचं आणि जड ते आधी टाकायचं. उर्सोनं सगळ्यांना बोलावलं. खलाशी आले, रेशीम आणि मिरी घेऊन चाललेले दोन व्यापारी आले, आणि ओकून ओकून पिवळा पडलेला कारभारी आला.

"गहू टाका!" कारभारी ओरडला. "दाणे काय, कुठेही मिळतील!" एवढं बोलून तो दारांना मिठी मारून बसला.

वरचं आणि जड काय आहे ते सगळ्यांना दिसत होतं. पण दोघे व्यापारी आपापल्या पायांकडे बघू लागले. उर्सोनंही तेच केलं. मग तो मान खाली घालून म्हणाला, "पोती काढा."

पहिलं पोतं गेलं. दुसरं गेलं. पोत्यामागून पोतं जात होतं आणि जहाज काही सावरत नव्हतं. अकरावं पोतं टाकून झाल्यावर एका म्हाताऱ्या खलाशानं बारावं छातीशी धरलं आणि तो तसाच उभा राहिला.

"नाखवा," तो म्हणाला, "माझ्या लेकीची तीन पोरं आहेत. हे पोतं त्यांचंच नसेल कशावरून?"

उर्सोनं त्याच्याकडे पाहिलं, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. समुद्र गव्हानं ऐकणार नव्हता, हे त्याच्याइतकं त्या जहाजावर दुसऱ्या कुणालाच कळत नव्हतं. तरी तो गहू टाकत होता, कारण गव्हाच्या बाजूनं धमकी देणारं कुणी नव्हतं.

"पोतं खाली ठेव, बाबा," तो म्हणाला. "कारभारीसाहेबांना बाजूला घ्या. दोर कापा."

कारभाऱ्याला उचलून बाजूला करायला चार माणसं लागली, आणि दारं ढकलायला सगळे. जहाज पुन्हा कलंडताच दोन्ही दारं कठड्यावरून घसरली आणि लाटेत गडप झाली. जहाजानं असा काही उसळून श्वास घेतला की सगळे एकमेकांच्या अंगावर पडले. लाल पट्टा पाण्याबाहेर आला होता. खलाशी रडत होते, हसत होते, पाणी उपसत होते. उर्सो मात्र सुकाणूशी जाऊन उभा राहिला, कारण समुद्रातून सुटला तरी ड्यूक अजून बाकी होता.

वाटेत एक व्यापारी हळूच त्याच्याजवळ आला. "काळजी कशाला करता? दोर तुटले आणि दारं आपोआप घसरली, असं सांगा. आम्ही दोघं साक्ष देऊ. कारभाऱ्याचं काय, त्याला ओकाऱ्यांपुढे काही दिसतच नव्हतं."

उर्सो रात्रंदिवस त्यावर विचार करत राहिला. खोटं अगदी सोपं होतं, हाताशी होतं. पण दारं आपोआप घसरली म्हटलं, की पट्ट्याचं कुणी विचारणार नाही, आणि पुढच्या नाखव्यालाही कारभारी तेच ऐकवणार.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी जहाज बंदराला लागलं. पोती दिसताच गाव धक्क्यावर लोटलं. बायका पदरात दाणे घेऊन डोळ्यांना लावत होत्या. ड्यूक आला, बंदराचा म्हातारा पंच आला, आणि गंमत बघायला तो दूतही आला.

कारभारी सगळ्यांच्या आधी उडी मारून उतरला. "महाराज, या माणसानं आपली दारं समुद्रात फेकली!"

दोघे व्यापारी उर्सोला डोळ्यांनी खुणावत होते. पण या वेळी उर्सोनं शब्द गिळला नाही.

"खरं आहे, महाराज. मी फेकली. वादळ होतं. पण माझी चूक त्याच्या आधीची आहे. पट्टा टेकल्यावर मी ती चढवून घेतली. आणि वादळात दारांच्या आधी अकरा पोती गहू टाकला, तीही चूकच."

"पट्टा टेकला होता हे तुला दिसत होतं?" ड्यूकनं विचारलं.

"दिसत होतं."

"मग का घेतलीस?"

"तुमच्या भीतीनं."

"समुद्राची भीती नाही वाटली?"

"वाटली, महाराज. पण समुद्र नंतर यायचा होता. तुमचा माणूस समोर उभा होता."

दूताला हसू आवरेना. ड्यूकचा चेहरा लाल झाला, मग पांढरा पडला. तो पंचाकडे वळला. "आजोबा, आपला कायदा काय सांगतो?"

पंच सत्तरी ओलांडलेला. तो म्हणाला, "पट्टा टेकल्यावर माल चढवला तर दोष नाखव्याचा. पण कुणी दरडावून चढवायला लावला, तर दोष लावणाऱ्याचा."

"मी स्वतःसाठी नाही लावला!" कारभारी घाईघाईनं म्हणाला. "महाराजांच्या नावानं लावला!"

पंचानं डोळे मिटले. "मग दोष महाराजांचा," तो म्हणाला.

आता आपलं संपलं, असं उर्सोला वाटलं. आपल्याबरोबर बिचाऱ्या पंचाचंही संपलं. ड्यूकनं जहाजाकडे पाहिलं. आपल्या नावाला लोक इतके भितात याचं त्याला आजवर कौतुकच वाटत आलं होतं. त्याच नावानं सगळ्या गावाचा घास समुद्रात घातला असता, हे त्याला पहिल्यांदाच कळलं.

"दोष कबूल," तो शेवटी म्हणाला. "दारं गेली ती माझी गेली. अकरा पोती माझ्या वाट्याच्या गव्हातून आजच्या आज द्या. देवळाला गावच्या सुतारानं चेस्टनटच्या लाकडाची दारं करावीत. आणि कारभारी, तुम्ही उद्यापासून या धक्क्यावर ओझी उचला. कशाला किती वजन असतं ते कळेल."

मग तो दूताकडे वळला. "आपल्या राजांना आमचं उत्तर कळलंच असेल. बंदर मिळणार नाही, आणि पाहुण्यांना आम्ही हाकलणार नाही."

दूत त्याच दिवशी डोंगर चढून गेला. त्यानं आपल्या राजाला सांगितलं, "त्यांच्याकडे गहू आला आहे, महाराज. आला नसता तरी ते फुटले नसते. तिथे नाखवा राजाच्या तोंडावर खरं बोलतो आणि राजा ते ऐकून घेतो." राजानं चार दिवस आदळआपट केली. पाचव्या दिवशी त्याच्या मुदपाकखान्यातलं मीठ संपलं. मीठही ड्यूकच्याच बंदरातून येत असे. मग त्यानं मुकाट्यानं घाट उघडला.

पण हे पुढचं झालं. त्या दुपारी धक्क्यावर ड्यूक पाठ फिरवून वाड्याकडे गेला, तेव्हा उर्सो होता तिथेच एका पोत्यावर मटकन बसला. शेजारच्या पोत्यावर पंच आधीच टेकला होता.

"आजोबा, तुम्हीसुद्धा?" उर्सोनं विचारलं.

"अरे, मला वाटलं आज माझं मुंडकंच उडतंय!" पंच म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि दोघांना हसू फुटलं. ते थांबेचना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ते हसत राहिले, आणि मागे गावात कितीतरी दिवसांनी पावाच्या भट्ट्या पेटल्या.

तात्पर्य: मोठ्यांच्या भिडेखातर नियम मोडला, की त्याची पहिली झळ गरिबाच्या घासाला लागते, आणि खरं बोलायला जेवढी छाती लागते, तेवढीच ते ऐकून घ्यायलाही लागते.