खुळखुळ्या राक्षसाची नाणी

एकदा काय झालं, वरच्या डोंगरात एक राक्षस राहायला होता. खुळखुळ्या त्याचं नाव. हे कसलं गं नाव? सांगते. त्याच्या गुहेत नाण्यांचा ढीग होता, हत्ती बुडेल एवढा. आणि तो रात्रंदिवस ती नाणी मोजत बसायचा. खुळखुळ, खुळखुळ, खुळखुळ. मोजताना चुकायचा. चुकला की रागानं पाय आपटायचा. पाय आपटला की डोंगरावरचे धोंडे सुटायचे आणि गडगडत खालच्या गावात यायचे. गाईगुरं बिथरायची, म्हशी पान्हा चोरायच्या.

मग त्यानं काय केलं, गावातली माणसं उचलून न्यायला सुरुवात केली. खायला नाही हो, मोजायला! जो चुकेल त्याला गुहेतच ठेवून घ्यायचा आणि म्हणायचा, "पुन्हा मोज." आधी वाण्याला नेलं. मग पाटलाला नेलं. आणि तिसऱ्या खेपेला नेलं लिंबाजी बुरुडाला. बुरूड म्हणजे बांबूची सुपं-टोपल्या विणणारा, बरं का.

लिंबाजीची बायको हौसा. घरात तान्ही लेक, अजून बारसंही झालं नव्हतं. हौसा एक दिवस रडली, दुसऱ्या दिवशी वाट बघत बसली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठली, लेकीला पाठीशी बांधलं, कमरेला कोयता खोचला आणि डोंगर चढायला लागली.

गुहेच्या तोंडाशी राक्षस दिसला. केवढा! नुसती करंगळी म्हणजे नांगराचा दांडा.  पण हौसा वाकून पाया पडली आणि म्हणाली, "मामा, मी हौसा. आणि ही तुमची नात."

राक्षसाला आजवर कुणी मामा म्हटलं नव्हतं. तो आपला बघतच राहिला. मग हळूच म्हणाला, "बस. उन्हातून आलीस."

बसल्यावर हौसानं पाहिलं, तर त्याचे डोळे लालभडक, पळसाच्या फुलांसारखे. "मामा, तुम्ही झोपत का नाही?"

"आई जाताना म्हणाली होती, बाळा, आपलं आहे ते सगळं नीट मोजून ठेव आणि मग झोप. तेव्हापासून मोजतोय गं. होतच नाही." एवढा मोठा राक्षस, पण त्याचा ओठ थरथरायला लागला.

"मोजून झालं तर ही माणसं सोडाल?"

"सोडीन. पण आज दिवस मावळायच्या आत नाही झालं, तर मी हा डोंगरच फोडून टाकणार. मला आता सोसत नाही."

आणि खरंच, गुहेच्या भिंतीला मोठी भेग गेली होती. खाली गाव होतं. 

आतून लिंबाजी धावत आला. "अगं, तू कशाला आलीस? तेही पोरीला घेऊन!"

"रागवा घरी गेल्यावर," हौसा म्हणाली. "आता मामा कसे मोजतात ते बघू द्या."

तर राक्षस मोजायचा कसा? ढिगात तीन तऱ्हेची नाणी. सोन्याचे होन, इवलेसे, चिंचोक्याएवढे. चांदीचे रुपये, त्याहून मोठे. आणि तांब्याचे ढब्बू पैसे, जाडजूड, सगळ्यांत मोठे. राक्षस एक होन उचलायचा, मग ढब्बू, मग रुपया, मग पुन्हा होन. कुठला कितवा, काही लक्षात राहायचं नाही.

"मामा, आधी निवडायला नको का?" हौसा म्हणाली. मग नवराबायकोनं बांबू चिरून दोन मोठ्या चाळण्या विणल्या. एकीची भोकं होन पडतील एवढी, दुसरीची रुपया पडेल एवढी. राक्षसानं ओंजळी भरभरून नाणी ओतली, चाळणी हलवली, आणि छनछन करत होन खाली! मग दुसरी चाळणी हलवली. रुपये खाली, ढब्बू वर. तीन ढीग वेगळे झाले. राक्षसाला भारी गंमत वाटली. पण मोजायला बसला, आणि मध्येच आली शिंक. गेला आकडा! त्यानं पाय उचलला.

"मामा! नात दचकेल!" हौसा ओरडली. पाय हवेतच थांबला.

मग हौसानं काय केलं, सुपात बांबूच्या चकत्या बसवल्या. पोकळ, एकेक नाणं मावेल एवढ्याच. एका ओळीत दहा घरं, अशा दहा ओळी. होनांचं सूप वेगळं, रुपयांचं वेगळं, ढब्बूंचं वेगळं. सुपात नाणी ओतायची, जरा हलवायचं, प्रत्येक घरात एक बसलं की बाकीची सांडून द्यायची. मोजायचं कशाला? सूप भरलं की झाले शंभर!

राक्षस एवढा खूश झाला, एवढा खूश झाला, की नाचायलाच लागला. आणि मोजलेले ढीग न मोजलेल्यांत मिसळले. सगळं पहिल्यासारखं! वाण्यानं कपाळाला हात लावला. ऊन कलायला लागलं होतं. राक्षस तर खालीच बसला आणि रडायला लागला. "आईचं ऐकणं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

हौसा जवळ गेली. त्याच्या करंगळीवर हात ठेवून म्हणाली, "होईल. नाचायचं मात्र नाही."

मग तिनं जाड बांबू तोडायला लावले. बांबूला पेरं असतात ना? पेरापाशी तोडला की खालून बंद, वरून उघडी अशी नळी होते. पाटील नळ्या तोडत होता, वाणी चाळत होता, लिंबाजी सूप भरत होता. एक सूप एका नळीत. वर लाकडाचं बूच, बुचावर लाख. आता नाच की लोळ, सांडायचं नाव नाही! राक्षस भिंतीला टेकून नळ्या रचत होता, मांडीवर तान्ही घेऊन, अगदी सांभाळून.

शेवटची नळी रचली तेव्हा सूर्य डोंगराला टेकला होता. हौसानं नळ्या मोजल्या, शेवटच्या नळीतली सुटी नाणी त्यांत मिळवली आणि आकडा राक्षसाच्या कानात सांगितला. किती होता? मलाही नाही माहीत. त्याचं त्याला ठाऊक.

राक्षसानं एक मोठा श्वास सोडला. "सगळं आहे," म्हणाला. "आईचं सगळं आहे." आणि तिथंच आडवा झाला. हौसा थोडा वेळ त्याला थोपटत बसली. आधी एक डोळा मिटला, मग दुसरा मिटला, आणि मग तो असा घोरायला लागला, असा घोरायला लागला, जशी जात्याची घरघर.

सगळे पाय न वाजवता निघाले. तेवढ्यात लिंबाजीला कोपऱ्यात एक होन चमकताना दिसला. शेवटच्या नळीला लाख लावायची राहिली होती, तिचं बूच निसटून तो घरंगळला होता. त्यानं तो हळूच उचलला.

"अहो, ठेवा तो!" हौसा कुजबुजली.

"एकच तर आहे गं."

"आणि उठून त्यांनी पुन्हा मोजलं तर?"

लिंबाजीनं तो होन झटकन त्या नळीत परत टाकला, बूच घट्ट बसवलं आणि सगळे जे धूम पळाले, ते गावात येऊनच थांबले!

मग तान्हीचं बारसं झालं, गावभर घुगऱ्या वाटल्या. हौसाच्या चाळण्या-सुपांना बाजारात मागणी आली, आणि ती माणसं खाऊनपिऊन सुखी झाली. आता पांघरुणं ओढा बघू. कोण अजून हसतंय? पाय आत घे, बाळा. निजा.