भरतीगणिक शंख

फार पूर्वी एका खडकाळ किनाऱ्यावर मऊ पाठीचा शंखखेकडा राहायचा. दर भरतीला तो थोरल्या चिंबोरीला एक कोळंबी द्यायचा आणि तिच्या ढिगातला नवा शंख पाठीवर घालून मिरवायचा. गोगलगाईला म्हणायचा, "मावशी, जन्मभर एकच घर ओढतेस!"

एका भरतीला त्याला कोळंबी मिळालीच नाही.

"मग शंख काढ," चिंबोरी म्हणाली.

"इतक्या भरत्या कोळंबी दिलीय की!"

"तितक्या भरत्या राहिलासही."

वर घारी घिरट्या घालत होत्या. उघड्या पाठीनं तो धावत सुटला आणि कपारीतल्या एका फुटक्या शंखात कसाबसा शिरला.

पुढच्या भरतीला चिंबोरीनं हाक मारली, "गुळगुळीत शंख आलाय. वाढलास की त्या फुटक्यात मावशील का?"

"नाही मावणार," तो म्हणाला. "पण तेव्हा तो मी माझ्या मर्जीनं काढीन, कुणी काढ म्हटलं म्हणून नाही."